पुण्याच्या पूर्वेस आठ मैल

प्रवासवाङ्मयाची चर्चा करताना ‘दूरदेश’ हा शब्द आपण फारशी चौकशी न करता वापरतो. एकोणिसाव्या शतकातील निसर्गाभ्यासकांच्या चरित्रांतून तर तो इतक्या वेळा येतो की त्याला जणू स्वतःचा एक भूगोलच प्राप्त झाला आहे. हम्बोल्टची ओरिनोको नदी, डार्विनची गालापागोस बेटे, वॉलेसचा मलाय द्वीपसमूह. ही चरित्रे वाचणारा मराठी वाचक नकळत प्रवाशाच्या जहाजावर चढतो आणि त्याच्याच दुर्बिणीतून किनारा न्याहाळतो. किनाऱ्यावर उभे राहून येणाऱ्या जहाजाकडे पाहावे असे त्याला सहसा वाटत नाही. वस्तुतः त्या काळातील भूगोलात आपली जागा किनाऱ्यावरचीच होती.

१८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात दख्खनमधील माशांविषयीचा एक लेख छापला गेला. त्यात मोठ्या खवल्यांच्या एका माशाचे ‘बार्बस खुद्री’ असे नामकरण केले असून त्याचे प्राप्तिस्थान दिले आहे: ‘मोटा मोला’ नदी, पुण्याच्या पूर्वेस सुमारे आठ मैल. मोटा मोला म्हणजे आपली मुळा-मुठा. आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. तेव्हाच्या पुण्याच्या कोणत्याही टोकापासून मोजले तरी हे अंतर संपते ते वाघोलीच्या दक्षिणेला, मांजरी आणि कोलवडीच्या अंगाने वाहणाऱ्या नदीच्या पट्ट्यात. लंडनच्या वाचकाला जो दूरदेश होता तो हा. पिलाजी जाधवरावांची गढी आणि वाघेश्वराचे देऊळ ज्या गावात आहे, ज्याच्या दगडखाणींनी पुण्याच्या इमारतींना खडी पुरवली, आणि जे २०२१ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले, त्या गावच्या शिवारालगतचे पाणी.

हा लेख लिहिणाऱ्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९०, यॉर्कशरमधील ब्रॅडफर्डजवळचा. १८०४ च्या सुमारास, म्हणजे मिसरूडही न फुटलेल्या वयात, तो कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाला. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता. १८१७ मध्ये खडकी आणि पुणे येथील लढायांत तो हिंदी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व करीत होता. पुढे काही वर्षे रजेवर युरोपात हिंडून तो १८२४ मध्ये परतला, तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक नेमले. दख्खनच्या जिल्ह्यांत फिरून माणसे मोजायची, जमीनधारणेच्या रीती नोंदवायच्या, मजुरीचे आणि धान्याचे दर लिहून घ्यायचे, सकाळ-संध्याकाळ हवेचा दाब टिपायचा, हे त्याचे काम. पक्षी, प्राणी आणि मासे हा त्या कामाचाच फाटा होता. १८२९ च्या अखेरीस सरकारने काटकसरीपायी हे पदच रद्द केले. तरीही साइक्सने काम चालू ठेवण्याची परवानगी मागितली आणि १८३१ च्या आरंभी ते पुरे करून तो मायदेशी गेला. पुढे तो कंपनीचा संचालक झाला, १८५६ मध्ये तिचा अध्यक्ष झाला, नंतर ॲबर्डीनचा प्रतिनिधी म्हणून संसदेत बसला, आणि १८७२ मध्ये लंडनला वारला. ह्या उत्तरार्धाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही.

पूर्वार्धाशी मात्र आहे. ज्याने १८१७ मध्ये पेशव्यांच्या सैन्यावर बंदुका रोखल्या तोच माणूस पुढील दशकात त्याच मुलखात चंडोलाची चोच मोजत होता, ही वस्तुस्थिती सोयीस्करपणे दोन भागांत तोडून चालत नाही. आधी जिंकले, मग मोजले, मग नावे दिली. ह्या क्रमात मोजणे आणि नावे देणे जिंकण्याचेच शेपूट आहे, असा एक विचार गेल्या काही दशकांत आपल्या समीक्षेत चांगलाच रुजला आहे. एडवर्ड सैदच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) ने त्याला बळ दिले. मेरी लुईझ प्रॅटच्या ‘इम्पीरियल आइज’ (१९९२) ह्या ग्रंथाने निसर्गाभ्यासकाच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या प्रवासालाही साम्राज्याच्या नजरेत सामील करून घेतले. त्याआधी, १९६६ मध्ये, मिशेल फुकोने निसर्गेतिहास म्हणजे दिसणाऱ्याला नाव देण्याचा व्यापार होय अशी मांडणी केलीच होती. ह्या सर्वांचे ऋण मान्य करूनही मला असे वाटते की त्यांच्या आधाराने आपण एका प्रश्नाला फार लवकर उत्तर देऊन मोकळे होतो. नाव देणाऱ्याचा हेतू काय होता, हा तो प्रश्न. त्याच्या मागे एक जास्त अवघड प्रश्न उभा आहे: नाव देणारा, आणि त्या नावाचा वारसा चालवणारे, नाव दिलेल्याचे काही देणे लागतात का?

साइक्सने दिलेली नावे पाहू. १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची सूची छापली. तीत राखी रंगाच्या एका मोठ्या सातभाईला त्याने सर जॉन माल्कमचे नाव दिले, आणि सह्याद्रीच्या झाडीतील एका रानपारव्याला एल्फिन्स्टनचे. एक गव्हर्नर गलका करणाऱ्या पक्ष्यात आणि दुसरा पारव्यात जाऊन बसला, ही योजना हेतुपूर्वक केलेली नसावी. पण वाचताना हसू येते खरे. राज्यकर्त्यांना पक्ष्यांत बसवण्याची ही रीत अपेक्षितच होती. अपेक्षित नव्हते ते पुढचे. शेतात आढळणाऱ्या एका तुरेवाल्या चंडोलाचे नाव त्याने ‘देव’ ठेवले, आणि आपल्या गावोगावच्या आभाळात घिरट्या घालणाऱ्या घारीचे ‘गोविंदा’. ही दोन्ही नावे शास्त्रात टिकली आहेत. ‘मिल्व्हस मायग्रन्स गोविंदा’ असे आजही पक्षिशास्त्राच्या ग्रंथांतून छापले जाते. उकिरड्यावर झेप घालणाऱ्या घारीला गोविंदाचे नाव शोभते की नाही हा वाद वारकऱ्यांनी करावा. एवढे मात्र खरे की ते नाव लॅटिनच्या कोशातून आलेले नाही.

सस्तन प्राण्यांच्या १८३१ च्या सूचीत तर लॅटिन नावाशेजारी मराठी नाव जागोजाग नोंदलेले दिसते. रानकुत्र्याला त्याने ‘दुखुनेन्सिस’ म्हणजे दख्खनचा असे म्हटले आणि शेजारी ‘मराठ्यांचा कोळसून’ अशी नोंद केली. लांडग्याला ‘पॅलिपेस’ म्हणजे फिक्या पायांचा म्हटले. दख्खनच्या माळावरचा लांडगा जगभरच्या ग्रंथांत आजही ह्याच नावाने ओळखला जातो. खोकडाच्या बाबतीत त्याने एक पाऊल पुढे टाकले. मराठी नाव शेजारी न ठेवता थेट आत घेतले आणि ‘कॅनिस कोकरी’ असे नाव सिद्ध केले. ते फार दिवस जगले नाही. शॉ नावाच्या शास्त्रज्ञाने १८०० मध्येच त्याच प्राण्याला ‘बेंगालेन्सिस’ म्हणून ठेवले होते, आणि नामकरणाच्या नियमात आधी आलेल्याचा हक्क चालतो. मराठी कोल्हेकुई अशा रीतीने बंगालच्या खाती जमा झाली. प्रादेशिक अस्मितेच्या लढाया लढणाऱ्यांच्या नजरेतून हा पराभव कसा निसटला कोण जाणे.

त्याच वर्षी, १८३१ मध्ये, मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती निघाली. म्हणजे मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडचे शब्द टिपणारी दोन माणसे एकाच दशकात दोन वेगळ्या वाटांनी काम करीत होती. एक शब्दाचा अर्थ शोधीत होता, दुसरा शब्दाची वस्तू. कोशकाराला शब्दासाठी उदाहरणाचे वाक्य, म्हण, वापर हवा असतो. वापर गेला की त्याच्या हाती काही उरत नाही. निसर्गाभ्यासकाला नेमके उलटे हवे असते. त्याला शब्द वापरातून सुटा करून हवा असतो. ‘खुद्री’ हे नाव दुसऱ्या माशाच्या नावापासून वेगळे राहिले की त्याचे काम भागले.

भर्तृहरीने वाक्यपदीयात अर्थाचे अखंड एकक वाक्य हे मानले, आणि पद म्हणजे विश्लेषणाच्या सोयीसाठी वाक्यातून उपसून काढलेला अंश असे प्रतिपादले. ह्या उपसण्याला तो अपोद्धार म्हणतो. साइक्सच्या सूचीतले प्रत्येक मराठी नाव हा असा अपोद्धार आहे. मुळा-मुठेच्या काठी कोण्या भोयाने किंवा कोळ्याने ‘खुद्री’ म्हटले असेल तेव्हा तो केवळ शब्द नव्हता. ते एक वाक्य होते. मासा कोणत्या डोहात बसतो, पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर केव्हा वर चढतो, कोणत्या जाळ्यात येतो, बाजारात काय भावाने जातो, घरी कोणत्या दिवशी खात नाहीत, हे सगळे त्या वाक्यात होते. आमच्या भाषेत ह्याच माशाची खडची, कुडिस अशीही रूपे नोंदली गेली आहेत. एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला शब्द कसा बदलतो, हेही त्या वाक्याचाच भाग. साइक्सने त्यातले एक पद उचलले. बाकीचे वाक्य काठावर राहिले.

ह्याला चोरी म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. चोरीत ज्याचे नेले त्याच्याकडे ते उरत नाही. येथे शब्द काठावरच्या माणसाच्या तोंडी तसाच राहिला. उलट साइक्सच्या जागी दुसरा कोणी असता तर ह्या माशालाही एखाद्या कलेक्टरचे नाव चिकटले असते. ऐकलेला शब्द, आपल्या कानाला जमेल तसा का होईना, लिहून ठेवणे आणि त्यालाच शास्त्राच्या दरबारात उभे करणे, ह्यात एक प्रामाणिकपणा आहे. तो साम्राज्याच्या हिशोबात सहजी बसवता येत नाही. माझी तक्रार दुसरी आहे. शब्द घेतला, पण बोलणारा घेतला नाही.

ही तक्रार आजच्या काळाची संवेदना मागच्या काळावर लादणे आहे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून फार लांब जावे लागत नाही. वाघोलीहून नगर रस्त्याने थोडे पुढे गेले की लोणीकंद लागते, आणि त्याच्याही पुढे १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे कोरेगाव. ह्या लोणीचे एक वर्णन पुण्याच्या रेसिडेन्सीतला शल्यवैद्य थॉमस कोट्स ह्याने लिहिले. ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तोही कंपनीचाच नोकर, तोही त्याच जिंकलेल्या मुलखात, आणि काळ साइक्सच्या आगेमागेच. परंतु कोट्सच्या लोणीत लोक राहतात. ते काय खातात, घरात भांडी किती, अंगावर काय घालतात, सावकाराचे किती देणे आहे, हे त्याने पाहिले आणि लिहिले. म्हणूनच एकशे पंचवीस वर्षांनंतर गो. स. घुर्ये ह्यांना पुन्हा त्याच गावात जाऊन तेव्हाचे आणि आताचे असे ताडून पाहता आले. त्यांचे पुस्तक १९६० मध्ये निघाले. कोट्सने माणसांवर प्रेम केले आणि साइक्सने केले नाही, असा निष्कर्ष मी काढीत नाही. साइक्सनेही माणसे मोजली होतीच. पण त्याच्या दप्तरात माणसांचा रकाना निराळा आणि माशांचा निराळा होता. मासा ज्याच्या हातून आला तो माणूस लोकसंख्येच्या रकान्यात एक आकडा होऊन बसला असणार, आणि मासा दुसऱ्या कागदावर एक जाती होऊन. दोन्ही कागद एकाच पेटीत होते, तरी त्यांची गाठ पडली नाही.

आणि तरीसुद्धा माशांच्या बाबतीत साइक्सकडून एक गोष्ट घडली, तिच्यामुळे ती गाठ पूर्णपणे सुटलीही नाही. पक्षी मारल्यावाचून त्यांची कातडी साठवता येत नाही, आणि त्याने ती साठवली. माशांचे मात्र त्याने असे केलेले दिसत नाही. नद्यांच्या काठी तंबू ठोकून, कोळ्यांनी आणलेले मासे जिवंत किंवा ताजे असतानाच, मोजून मापून त्यांची चित्रे काढवून घेतली. नामकरणाला आधारभूत धरावा असा त्याचा खुद्रीचा कोणताही नमुना आज कोठल्याही संग्रहालयात ज्ञात नाही. मद्यार्काच्या बरणीत जो असायला हवा तो मासा बहुधा रश्श्यात गेला.

वरवर किरकोळ वाटणाऱ्या ह्या गोष्टीचा अर्थ समजून घेण्यासाठी आपल्याकडच्याच एका जुन्या वादाचे स्मरण करावे लागते. ‘गाय’ ह्या पदाचा अर्थ काय? समोर उभी असलेली एक गाय, की तिचा आकार, की गोत्व ही जाती? न्यायसूत्रकारांनी तिन्ही पक्ष तपासून असा निर्णय दिला की व्यक्ती, आकृती आणि जाती ही तिन्ही मिळून पदाचा अर्थ होतो. कोणते प्रधान हे प्रसंगावर ठरते. आधुनिक प्राणिनामसंहितेने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला आहे, आणि तिचे उत्तर नैयायिकांनाही विचारात पाडील असे आहे. संहितेनुसार जातीचे नाव एका व्यक्तीला बांधलेले असते. बरणीतला किंवा खणातला एक विशिष्ट मेलेला जीव हा त्या नावाचा धारक. जातीच्या सीमा पुढे कितीही बदलल्या तरी नाव त्या व्यक्तीबरोबर जाते. व्यक्ती हेच जातीचे गहाणखत.

ह्या दृष्टीने पाहिले तर खुद्रीची स्थिती विलक्षण आहे. तिची व्यक्ती नाही. आकृती आहे: चित्र आणि वर्णन. जाती आहे: पुढील अभ्यासकांनी तिला ‘टॉर’ ह्या महसीर माशांच्या गणात नेऊन बसवले, आणि आज ती ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखली जाते. व्यक्तीची रिकामी जागा भरून काढणारे एकच काही शिल्लक आहे, ते म्हणजे पत्ता. पुण्याच्या पूर्वेस आठ मैल. हरवलेल्या देहाच्या ठिकाणी एक स्थळ नावाचे ओझे वाहते आहे.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. साइक्स गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, व्हिक्टर झाकमाँ हा तरुण फ्रेंच निसर्गाभ्यासक हिमालय, काश्मीर असे करीत पुण्यास आला. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने त्याला तुटपुंज्या वेतनावर पाठवले होते. पुण्यातून तो मुंबईस गेला आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, यकृताच्या विकाराने तेथेच मरण पावला. मुंबईतच त्याला पुरले. परंतु १८८१ मध्ये त्याचे अवशेष उकरून पॅरिसला नेण्यात आले, आणि ज्या संग्रहालयासाठी त्याने वनस्पती, प्राणी आणि दगड गोळा केले त्याच संग्रहालयाच्या वास्तूत ते ठेवले गेले. दूरदेशीचे नमुने ज्या वाटेने जात त्याच वाटेने, नाव आणि तारखांनिशी, संग्राहकही गेला. हा गौरव होता ह्याबद्दल मला शंका नाही. पण नावानिशी परत नेले जाणे आणि नावाविना काठावर राहणे ह्या दोन टोकांमध्येच त्या शतकातील ज्ञानाचा सारा व्यवहार चालला होता, हे ह्या घटनेत जितके स्पष्ट दिसते तितके सिद्धान्तग्रंथांत दिसत नाही.

आता खुद्रीच्या पुढच्या चरित्राकडे वळू, कारण मूळ प्रश्न, म्हणजे नाव देण्याने येणाऱ्या ऋणाचा, तेथेच खरा उभा राहतो.

महसीर हा वाहत्या, स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो. वाट अडली की त्याचे कुळ थांबते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठेवर खडकवासल्याचे धरण झाले. विसाव्यात वरच्या खोऱ्यांत आणखी धरणे झाली. शहर वाढले आणि आपली घाण त्याच पात्रात सोडत गेले. ज्या पट्ट्याने ह्या माशाला जगाच्या नोंदीत नेले त्या पट्ट्यात तो आज सापडेल अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु मासा नष्ट झाला नाही. नाव होते म्हणून तो वाचला, असेच म्हणावे लागते. १९७० च्या दशकापासून टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे ह्याच खुद्रीची कृत्रिम पैदास सुरू केली; पिले लक्षावधींच्या संख्येने वाढवली गेली आणि देशातील अनेक राज्यांच्या तलावांत व नद्यांत सोडली गेली. महसीर धोक्यात आहे, त्याची एक जाती आपल्याला नावानिशी ठाऊक आहे, तिची पैदास करता येते. हेतू निखळ चांगला होता.

ती पिले कावेरीतही गेली. कावेरीत एक आणखी थोर मासा होता: पाठीवर कुबड असलेला, शंभर पौंडांच्याही वर जाणारा महसीर. इंग्रज गळकऱ्यांनी दीड शतक त्याच्याशी झुंज घेतली, त्याच्याविषयी पुस्तके लिहिली. परंतु त्याला स्वतःचे शास्त्रीय नाव नीट ठरलेले नव्हते. काही काळ त्याला ‘मुसुल्ला’ म्हटले गेले. हे नावही साइक्सचेच. शिरूरला घोड नदीत मिळालेल्या वेगळ्याच एका माशाला त्याने ते दिले होते. नगर रस्त्यावरच्या एका गावचा शब्द अशा रीतीने कावेरीच्या राक्षसाला चुकून चिकटला, आणि तो तेथे बसत नाही हे कळायला फार उशीर झाला. अखेर २०१८ मध्ये हा कुबडा महसीर म्हणजे केरळातील पांबार नदीतून वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ होय, असे निश्चित करण्यात आले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत धरणे, वाळूउपसा, सुरुंगाने केलेली मासेमारी ही होतीच. आणि बाहेरून आणून सोडलेली, जोमाने वाढणारी खुद्रीही होती.

हे सगळे एका सरळ रेषेत मांडून साइक्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हास्यास्पद ठरेल. पण त्यातून नावाच्या स्वभावाविषयी काही कळते. बेनाम राहिलेला मासा कोणाच्याही काळजीच्या यादीत येत नाही. कावेरीचा महसीर त्याचा पुरावा आहे. म्हणून नाव देणे ही काही नुसती सत्तेची खूण नव्हे. ती काळजीची पूर्वअटही आहे. ज्यांना सर्व नामकरणात केवळ हिंसा दिसते त्यांनी ह्या बेनाम माशाचा विचार करावा. उलट, नाव स्थळापासून सुटले की ते कोठेही नेता येते, आणि नेलेल्या ठिकाणी ते काय करील ह्याची जबाबदारी नावात लिहिलेली नसते. खुद्री ‘पुण्याच्या पूर्वेची’ असण्याचे थांबली आणि नुसतीच ‘महसीर’ झाली, तेव्हाच ती कावेरीत सोडण्याजोगी झाली. वाक्यातून पद काढण्याचा जो अपोद्धार १८३९ मध्ये कागदावर झाला तो दीडशे वर्षांनी पाण्यात झाला.

ह्याच्या शेजारी आणखी एक व्यवहार ठेवून पाहावा. महाडजवळ काळ नदीत वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथील महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात. ते पकडत नाहीत, त्यांना खाऊ घालतात. वाड्याकडे वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळाशीही असेच जपलेले मासे आहेत. ‘देवाचे मासे’ ह्या शब्दप्रयोगात वर्गीकरण जवळजवळ नाहीच. कोणती जाती, कोणता गण, हे कोणी विचारीत नाही. पण त्यात षष्ठी विभक्ती आहे. मासे कोणाचे आणि कोठले, हे त्यात सांगितलेले आहे. उलट ‘खुद्री’सारख्या शास्त्रीय नावाला विभक्तीच नसते. ते प्रातिपदिक होऊन राहते, कशाशीही संबंध न जोडता. ह्या लोकरीतीचे मी उदात्तीकरण करू इच्छित नाही. कोंडाच्या हद्दीबाहेर गेलेला तोच मासा जाळ्यात मुकाट येतो, आणि वरून रसायनाचे पाणी आले तर त्याला परत पाठवणे देवीच्या अधिकारात नाही. त्याआधीच्या राजेलोकांचीही फार भलामण करण्याचे कारण नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या मानसोल्लासात मत्स्यविनोदाचे एक प्रकरण आहे. त्यात तीस-पस्तीस जातींचे मासे, त्यांच्या सवयी, त्यांना घालायचे आमिष हे सर्व येते. पण तेथेही मासे गळाला लावणारा राजा आहे, आणि त्यांच्या सवयी ज्याने राजाला सांगितल्या असतील तो कोळी नाही. दख्खनच्या नदीकाठी माहिती देणाऱ्याचे नाव न लिहिण्याची परंपरा साइक्सने सुरू केली नाही. त्याला ती तयार मिळाली.

मराठीत गेल्या काही दशकांत ह्या परंपरेला छेद देणारे लेखन झाले नाही असे नाही. मारुती चितमपल्ली ह्यांनी वनखात्याच्या नोकरीत आदिवासींकडून आणि वनमजुरांकडून पाखरांची, झाडांची नावे जमवण्यात हयात घालवली, पक्षिकोश रचला, आणि त्यांच्या लेखनात नाव सांगणारा माणूस बहुधा नावासकट येतो. तेथे वाक्य बरेचसे शाबूत राहते. त्याची शास्त्रीय काटेकोरी कमी पडते, असा आक्षेप घेतला जातो, आणि काही ठिकाणी तो खराही आहे. परंतु काटेकोरी आणि कृतज्ञता ह्यांतून एकच निवडावी लागते, असे मानण्याचे कारण काय? साइक्सने आठ मैल मोजून लिहिले. ज्याने मासा आणला त्याचे नाव लिहायला आणखी अर्धी ओळ लागली असती.

आज ती अर्धी ओळ भरून काढणे कोणाच्याही हाती नाही. पत्ता मात्र शिल्लक आहे, आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न साइक्सचा नसून आपला आहे. नावधारक नमुना हरवला आणि त्या नावाविषयी गंभीर वाद उद्भवला तर नवा नमुना नेमण्याची तरतूद प्राणिनामसंहितेत आहे. तो शक्य तितक्या मूळ स्थळाजवळून घ्यावा, असे तिचे कलम सांगते. म्हणजे शास्त्रही, लॅटिनची सारी वळणे घेऊन झाल्यावर, शेवटी त्याच काठावर परत येते. जाळे कोठे टाकायचे ते कागदावर पक्के आहे: वाघोलीच्या खालच्या अंगाला, मांजरी-कोलवडीच्या दरम्यान. गेली अनेक वर्षे टँकरची वाट पाहणाऱ्या ह्या गावांच्या शेजारून तेथे आता बाराही महिने पाणी वाहते. ते पुण्याचे सांडपाणी आहे.